लांबट भाकरी आणि एचडीचा डबा

मित्रांनो, ही गोष्ट आपल्याच होस्टेलच्या टीव्ही रूममधली आहे. त्यामुळे यातली निम्मी पात्रं हा अंक वाचत असतील. नावं घेत नाही, काळजी नसावी!

फेब्रुवारी २०२५ मधली संध्याकाळ. टीव्हीवर एका साध्या (म्हणजे एचडी नसलेल्या) वाहिनीवर पाककृतीचा जुना कार्यक्रम लागला होता आणि आम्ही सात-आठ जण नुसतेच लोळत बघत होतो. मेसच्या मावशी रात्रीच्या जेवणाचा आकडा विचारायला आल्या आणि दारातच थांबल्या. टीव्हीवर तव्यातली भाकरी वरून दाखवत होते. मावशी म्हणाल्या, "हाई भाकर अशी लांबट काबरं शे रे?"

आम्ही सगळे हसलो. "मावशी, टीव्हीवर असंच दिसतं." मावशी काही हसल्या नाहीत. "तवा बी लांबट दिसतोय. असा तवा मी तरी बाजारात पाहिला नाही," एवढं म्हणून त्या गेल्या.

मी ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला. त्या सेमिस्टरला विषय होता डिजिटल कम्युनिकेशन. दीड वर्ष हाच टीव्ही बघत होतो आणि एकदाही मला ते दिसलं नव्हतं. खरं सांगायचं तर लाज वाटली. मोबाइलने बरोबर समोरून टीव्हीचा फोटो काढला आणि फोटोतली भाकरी पट्टीने मोजली. रुंदी उंचीच्या बरोबर १.३३ पट, म्हणजे चार भागिले तीन! हा आकडा ओळखीचा होता. बिघाड झाला तर चित्र कसंही वेडंवाकडं होईल, इतक्या नेमक्या गुणोत्तरात बिघडणार नाही. म्हणजे कुठेतरी, कोणीतरी सेटिंग तसं ठेवलेलं होतं.

आता हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगतो. त्याच आठवड्यात होस्टेलची मीटिंग होती आणि विषय होता एचडी पॅक बंद करण्याचा. आपला ४३ इंची फुल एचडी टीव्ही वर्गणीतून घेतलेला, आणि एचडी पॅकचे जादा पैसेही दर महिन्याला वर्गणीतूनच जातात. बऱ्याच जणांचं म्हणणं होतं, "एचडी लावा नाहीतर साधं लावा, सारखंच दिसतं. केबलवाल्या काकांनी डबाच खराब दिलाय." दोन-तीन जण तर काकांशी भांडायच्या तयारीत होते. क्रिकेट बघताना स्कोअरच्या पट्टीची दोन्ही टोकं कापली जायची, त्याचंही खापर काकांवरच. आणि ९ मार्चला चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल येऊन ठेपलेली! मी रेक्टर सरांकडे दोन दिवस मागून घेतले.

टीव्हीच्या मागे काय सापडलं

पहिली गोष्ट, डबा एचडीचा, टीव्ही फुल एचडी, आणि दोघांना जोडणारी वायर मात्र पिवळी-लाल-पांढरी! या तीन पिनांपैकी पिवळ्या पिनेतून चित्र जातं, आणि ते जुन्या टीव्हीच्या दर्जाचंच जातं. त्या वायरीतून एचडी जाऊच शकत नाही, मग पॅक कितीचाही असो. एचडीसाठी एचडीएमआयची वायर लागते. ती आपल्याकडे होती. गॅदरिंगच्या वेळी कोणीतरी प्रोजेक्टरला लावायला नेली आणि ती परत आलीच नाही. (कोणी, ते विचारू नका. मीही त्या कमिटीत होतो.)

दुसरी गोष्ट, डब्याच्या मेनूमध्ये टीव्हीचा प्रकार '४:३' ठेवलेला. म्हणजे डब्याची समजूत अशी, की आपल्याला जुना चौकोनी, नळीचा टीव्ही जोडलाय. म्हणून तो एचडी वाहिनीच्या रुंद चित्राच्या दोन्ही बाजू कापून मधला भागच पुढे पाठवायचा. स्कोअरची पट्टी तिथे कापली जात होती.

तिसरी गोष्ट, टीव्हीत 'फुल' हा मोड निवडलेला. डब्याकडून आलेलं ४:३ चं चित्र टीव्ही दोन्ही बाजूंना ओढून १६:९ करायचा. भाकरी तिथे लांबट होत होती.

थोडक्यात, डबा आणि टीव्ही दोघंही आपापल्या परीने चित्र 'सुधारत' होते आणि एकमेकांना विचारत नव्हते. काकांचा यात काहीही दोष नव्हता. सगळी करामत आपलीच.

४:३ आणि १६:९ आले कुठून?

चित्राच्या रुंदीला उंचीने भागलं की येतं ते गुणोत्तर. ४:३ हे प्रमाण टीव्हीच्याही आधीचं आहे. १८९० च्या दशकात एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी ३५ मिमी फिल्मवर चार छिद्रांएवढ्या उंचीची चौकट धरली, तिचं प्रमाण साधारण ४:३ होतं. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काय किंवा प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) काय, याच किंवा याच्या अगदी जवळच्या चौकटीतले. पुढे टीव्ही आला तोही त्याच आकाराचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. सुरुवातीच्या काळात तिथे मराठी बातम्या द्यायच्या त्या स्मिता पाटील, आपल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांच्या कन्या. ते सगळं चित्रण ४:३. कपिलच्या संघाने २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला, तोही ४:३ मध्येच.

सिनेमावाले मात्र टीव्हीशी स्पर्धा म्हणून रुंद होत गेले. गुरुदत्तचा 'कागज के फूल' (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. या पद्धतीत प्रमाण २.३५ पर्यंत जातं. मग टीव्हीचा नवा आकार ठरवताना प्रश्न आला, की कोणाचं ऐकायचं? १९८० च्या दशकात अमेरिकेत कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने चालू असलेल्या सगळ्या आकारांचे, एकाच क्षेत्रफळाचे आयत कापले आणि मध्यबिंदू जुळवून एकमेकांवर ठेवले. सगळ्यांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांमध्ये येणारा आतला आयत, दोन्हींचं प्रमाण निघालं साधारण १.७७. म्हणजेच १६:९. गणितही सोपं आहे: १.३३ आणि २.३५ चा गुणाकार करून वर्गमूळ काढा, १.७७ येतं. तेव्हा १६:९ ही एक तडजोड आहे. जुन्या चित्राला बाजूने थोडी रिकामी जागा, सिनेमाला वर-खाली थोडी रिकामी जागा, आणि कोणावरच फार अन्याय नाही.

ही रिकामी जागा म्हणजेच काळ्या पट्ट्या. तो बिघाड नव्हे.

"पैसे पूर्ण स्क्रीनचे, दिसतंय पाऊण!"

नवी एचडीएमआय वायर आणली, सेटिंग बदललं आणि रूममध्ये दंगा सुरू झाला. एचडी वाहिन्या झकास दिसत होत्या, पण जुन्या कार्यक्रमांना दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. चोपड्याचा आमचा एक मित्र म्हणाला, "काय भो, पैसे पूर्ण स्क्रीनचे दिले अन् दिसतंय पाऊण!" हिशोब त्याचा अगदी बरोबर होता. १६:९ च्या स्क्रीनवर ४:३ चं चित्र ७५ टक्केच जागा व्यापतं. घरोघरी असतो त्या ३२ इंची टीव्हीचं उदाहरण घेऊ. स्क्रीन साधारण ७१ सेंमी रुंद, ४० सेंमी उंच. ४:३ चं चित्र त्यात ५३ सेंमी रुंद बसतं आणि प्रत्येक बाजूला सुमारे ९ सेंमीचा पट्टा उरतो.

पण तो पट्टा घालवायचे मार्ग फक्त दोन आहेत, आणि दोन्ही महाग पडतात.

एक म्हणजे चित्र ओढायचं. मग प्रत्येक माणूस ३३ टक्के रुंद होतो. १९८३ चा कपिलदेव पहिलवान दिसतो आणि चेंडू अंड्यासारखा.

दुसरा म्हणजे झूम करायचं. मग आकार बरोबर राहतो, पण चित्राचा वरचा-खालचा मिळून एक चतुर्थांश भाग स्क्रीनबाहेर जातो. बातम्यांची खालची पट्टी गेली, उभ्या माणसाचं डोकं गेलं.

म्हणजे पाऊण स्क्रीन वापरून पूर्ण चित्र बघायचं, की पूर्ण स्क्रीन वापरून पाऊण चित्र? असं विचारल्यावर मित्र जरा शांत झाला. पूर्ण पटलं असं नाही, पण शांत झाला.

झूमचा खरा उपयोग एकाच ठिकाणी आहे. काही जुने सिनेमे ४:३ च्या चौकटीत वर-खाली पट्ट्या भरून पाठवलेले असतात. ते आपल्या टीव्हीवर चारी बाजूंनी काळ्या चौकटीत, पोस्टाच्या तिकिटासारखे दिसतात. तिथे झूम केल्याने फक्त काळा भागच बाहेर जातो, चित्र शाबूत राहतं. सिनेमा संपला की झूम काढायला विसरू नका.

रिझोल्यूशनचे आकडे

आता डब्याच्या मेनूतला दुसरा प्रश्न: ५७६आय, ५७६पी, ७२०पी, १०८०आय, १०८०पी, ऑटो. काय निवडायचं?

आकडा म्हणजे आडव्या रेघांची संख्या. आपल्याकडची जुनी पद्धत ६२५ रेघांची, त्यातल्या चित्राच्या ५७६. साध्या वाहिनीचं चित्र ७२० × ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके. फुल एचडी १९२० × १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. जवळपास पाचपट. 'एचडी रेडी' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच ३२ इंची टीव्हींचा पॅनेल १३६६ × ७६८ चा असतो, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके.

'पी' म्हणजे प्रोग्रेसिव्ह, सगळ्या रेघा एका दमात. 'आय' म्हणजे इंटरलेस्ड, आधी विषम रेघा, मग सम रेघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्या हिशोबाने टीव्हीही सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांवर बेतला गेला. आपल्या एचडी वाहिन्या प्रामुख्याने १०८०आय मध्येच प्रसारित होतात. सेकंदाला ५० वेळा प्रत्येकी ५४० रेघा. एलसीडी किंवा एलईडी पॅनेलला मात्र अर्धं चित्र दाखवता येत नाही, म्हणून दोन अर्धी सांधून एक पूर्ण चित्र कोणाला तरी करावंच लागतं. ते काम डबा करणार की टीव्ही, एवढंच आपण मेनूत ठरवत असतो. सांधा नीट बसला नाही तर धावणाऱ्या बोलरच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात.

माझा अनुभव असा, की फुल एचडी टीव्ही असेल तर डबा १०८०आय वर ठेवावा. वाहिनी जशी येते तशीच टीव्हीकडे जाते आणि सांधायचं काम टीव्ही करतो, जे तो साधारणपणे डब्यापेक्षा बरं करतो. मग त्याच मॅचमध्ये १०८०पी लावून बघावं. कडा जास्त स्वच्छ दिसल्या तर तेच ठेवावं. फोरके टीव्हीलाही हाच नियम, बाकीचं मोठं करायचं काम त्याचं त्याला जमतं. ७६८ च्या पॅनेलला ७२०पी किंवा १०८०आय काहीही दिलं तरी टीव्हीला आकार बदलावाच लागतो. तिथे दोन्ही लावून बघणं हाच उपाय.

'ऑटो' किंवा 'नेटिव्ह' असेल तर डबा प्रत्येक वाहिनी तिच्या मूळ रूपात पाठवतो. तत्त्वतः हे उत्तम. पण साध्या वाहिनीवरून एचडीवर गेलं की टीव्ही क्षणभर काळा होतो. ज्या होस्टेलमध्ये रिमोट मिनिटाला हात बदलतो, तिथे हे चालणार नाही!

आणखी एक बारीक गोष्ट. काही डब्यांत ५० की ६० असंही विचारतात. आपलं प्रसारण ५० चं आहे, ५० च ठेवा. ६० केलंत तर डब्याला दर पाच चित्रांमागे एक जादा चित्र घुसवावं लागतं आणि बातम्यांची खालची सरकती पट्टी अडखळत, उड्या मारत जाते.

मागच्या बाकावरून काय दिसतं?

मीटिंगमधला मूळ प्रश्न अजून राहिला: एचडीचे जादा पैसे वाया जातात का? यासाठी मी टीव्ही रूममध्ये टेप घेऊन मोजलं. पुढची चटई टीव्हीपासून २ मीटरवर, शेवटचा बाक ५ मीटरवर.

चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण एक मिनिट कोनाएवढं (अंशाचा साठावा भाग) अंतर वेगळं ओळखता येतं. ५ मीटरवर हा कोन म्हणजे सुमारे १.४५ मिमी. आपल्या ४३ इंची टीव्हीची उंची ५३५ मिमी. भागाकार केला तर ३६८. म्हणजे शेवटच्या बाकावरच्या माणसाला जेमतेम ३६८ रेघा वेगळ्या ओळखू येतात. त्याला ५७६ काय आणि १०८० काय! पुढच्या चटईवर मात्र हाच आकडा ९२० च्या आसपास जातो, तिथे एचडीचा पैसा बऱ्यापैकी वसूल होतो. सुमारे सव्वातीन मीटर ही सीमारेषा. त्याच्या पुढे बसणाऱ्याला फरक दिसतो, मागे बसणाऱ्याला हळूहळू दिसेनासा होतो. (साध्या वाहिन्यांचं चित्र जास्त दाबून पाठवलेलं असतं, त्यामुळे पळत्या चित्रात चौकटी-चौकटी दिसतात. त्या मागूनही खटकतात, एवढी भर यात धरा.)

आणि आता मावशींकडे वळू. त्या कुठे उभ्या होत्या? दारात, म्हणजे शेवटच्या बाकाच्याही मागे. तिथून त्यांना रेघा मोजता येणं शक्यच नव्हतं. पण ३३ टक्के लांबट भाकरी दिसली! रिझोल्यूशनची चूक जवळून दिसते, आकाराची चूक रूमच्या बाहेरूनही दिसते. आम्ही सगळे मात्र १०८० की ७२० यावर वाद घालत होतो आणि मोठी चूक रोज डोळ्यांसमोर होती. डोळ्याला सवय झाली की चुकीचंही बरोबर वाटायला लागतं. रोज भाकरी थापणाऱ्याच्या डोळ्याला ती सवय लागत नाही.

मीटिंगमध्ये हे आकडे फळ्यावर मांडले. एचडी पॅक चालू राहिला, चटईच्या दोन रांगा वाढल्या, आणि केबलवाल्या काकांना चहाला बोलावलं. भांडायला नाही, सॉरी म्हणायला. काका हसून म्हणाले, "पोरांनो, मला आधी फोन करायचा ना." धुळ्यासारख्या शहरांना केबल डिजिटल करण्याची मुदत होती ३१ डिसेंबर २०१५. तेव्हापासून घरोघरी डबे बसवलेला माणूस तो. अशा पिवळ्या वायरी त्यांनी कितीतरी पाहिल्या असणार.

घरी जाल तेव्हा हे करून बघा

१. डब्याच्या मागे बघा. डबा एचडीचा असेल तर एचडीएमआय वायर हवी. पिवळी वायर फेकू नका. चुकून भलतं रिझोल्यूशन निवडून स्क्रीन काळी झाली, तर बऱ्याच डब्यांचा मेनू तिच्यावर दिसतो आणि परत येता येतं.

२. डब्यात टीव्हीचा प्रकार १६:९ ठेवा. ४:३ च्या कार्यक्रमांसाठी 'पिलरबॉक्स', 'ओरिजिनल' किंवा 'नॉर्मल' असा पर्याय असेल तो घ्या. 'स्ट्रेच' नको.

३. टीव्हीत चित्र कापलं जाणार नाही असा मोड निवडा. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन', सोनीत 'फुल पिक्सेल'. नळीच्या टीव्हीच्या काळात चित्राच्या कडा थोड्या झाकायची पद्धत होती, ती अनेक टीव्ही अजून पाळतात.

४. रिझोल्यूशन सगळ्यात शेवटी. १०८०आय पासून सुरुवात करा, मॅच किंवा सरकती पट्टी लावून तुलना करा.

५. वरून किंवा बरोबर समोरून दाखवलेली गोल वस्तू शोधा: घड्याळ, ताट, भाकरी. फोटो काढा, मोजा. रुंदी आणि उंची सारखी आली की झालं.

एक सूचना अनुभवातून. घरच्यांना विचारल्याशिवाय हे करू नका. होळीच्या सुटीत साक्रीला घरी गेलो आणि मोठ्या उत्साहात सेटिंग बदललं, तर आई म्हणाली, "टीव्ही बिघडवलास ना? बाजूचं दिसेनासं झालं." मग तिला जुना आणि नवा, दोन्ही आकार दाखवले. मराठी बातम्या देणारी बाई एकदम बारीक झालेली बघून आई म्हणाली, "अगंबाई, ही अशी आहे होय!" पट्टे राहिले.

९ मार्चला भारताने दुबईत न्यूझीलंडला चार गडी राखून हरवलं. टीव्ही रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्कोअरची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होती. मावशी मेस आवरून शेवटच्या ओव्हर्सना आल्या, दारातच उभ्या राहिल्या. मी विचारलं, "मावशी, आता कसं दिसतंय?" त्यांनी चेंडूकडे बारकाईने बघितलं आणि म्हणाल्या, "आता गोल शे."